आहे ते पुन्हा न धाडण्याची विद्या

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या काठी, मुंबई-पुणे लोहमार्गावरील स्थानकामुळे सर्वांच्या तोंडी असलेला. आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पूर्वेकडे सीना आणि दक्षिणेकडे भीमा वाहत असूनही अवर्षणाची धास्ती कायम बाळगणारा, ज्याच्या हद्दीत अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे, राशीनची देवी आहे आणि रेहेकुरीच्या माळावर काळविटांसाठी १९८० साली राखून ठेवलेले लहानसे अभयारण्य आहे. दोन्ही ठिकाणांचे नाव एक, परंतु माती, पाऊस, बोली आणि कचेरी यांपैकी काहीही एक नाही. त्यामुळे परगावी आपला पत्ता सांगताना ‘नगरकडचे कर्जत’ अशी पुरवणी जोडल्यावाचून इकडच्या माणसाची सुटका नसते. टपाल खात्याने १९७२ साली पिन कोडची पद्धत सुरू केली तिचा एक उपयोग असा झाला, की रायगडचे कर्जत ४१०२०१ ठरले आणि नगरचे ४१४४०२, आणि निदान पत्रांपुरती तरी ही नामसादृश्याची पीडा मिटली.

पिन कोड हा मात्र खात्याने नेमून दिलेला क्रमांक आहे. त्या सहा आकड्यांत कर्जतच्या मातीचा, वस्तीचा किंवा बाजाराचा अंशही नाही. खात्याने उद्या दुसरा क्रमांक दिला तर गाव तसेच राहील. याच्या उलट, ज्याला कोणत्याही खात्याने नेमून दिलेले नाही, जो वस्तूच्या अंतरंगातूनच गणिताने निष्पन्न होतो, वस्तूत काना-मात्रेचा फरक पडला तरी जो समूळ पालटतो, आणि जगाच्या दोन टोकांना बसलेल्या, परस्परांची तोंडओळखही नसलेल्या दोन इसमांनी तीच वस्तू स्वतंत्रपणे गणिताला घातली तर दोघांनाही जो हुबेहूब तोच मिळतो, असा एखादा क्रमांक असेल तर काय होईल, याची वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. अशाच क्रमांकांच्या आधारावर आज जगातील बहुतेक संगणक-आज्ञावलींची दप्तरे चालली आहेत. आणि ही दप्तरे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना इंटरनेटच्या वाहिनीवरचा भार कसा हलका करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महसुली दप्तराशी ज्याचा कधीतरी संबंध आला आहे (आणि आपल्याकडे तो कोणाचा आलेला नाही?) त्याला या दप्तरांची रचना समजण्यास फार प्रयास पडू नयेत. सात-बाराचा उतारा हा जमिनीची आजची स्थिती सांगतो. परंतु त्या स्थितीप्रत ती जमीन कोणकोणत्या वाटांनी आली, कोणी विकली, कोणाला वारसाने मिळाली, कोणता बोजा चढला आणि केव्हा उतरला, याचा इतिहास गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो, आणि तेथील प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक, दिनांक, तलाठ्याचे लेखन आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन लागते. शेकडो माणसे मिळून लिहीत असलेल्या आज्ञावलीचेही तसेच असते: आज ती कशी आहे हा एक दस्तऐवज, आणि कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने कोणती ओळ बदलली ही फेरफारांची अखंड मालिका हा दुसरा. यातील एकेका फेरफाराला या व्यवसायातले लोक ‘कमिट’ म्हणतात आणि संपूर्ण दप्तराला नुसते ‘रेपो’.

जुन्या पद्धतींत, म्हणजे सीव्हीएस किंवा सबव्हर्जन यांच्या काळात, मूळ नोंदवही एका मध्यवर्ती यंत्रावर असे आणि बाकीच्यांना आजचा उतारा तेवढा मिळे. जुना फेरफार पाहायचा झाला तरी कचेरीचा उंबरठा झिजवावा लागे. विकेंद्रित पद्धतीने ही मक्तेदारी मोडून काढली. आता प्रत्येक कामकऱ्याच्या यंत्रावर नोंदवहीची पहिल्या पानापासूनची पूर्ण नक्कल असते, तो तारेशी संबंध तुटलेला असतानाही नवे फेरफार लिहू शकतो, आणि सवडीने आपली व इतरांची वही जुळवून घेतो. स्वातंत्र्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु त्याची किंमत अशी की एकदा तरी ती सगळी वही आपल्याकडे आणावी लागते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या दप्तरात दहा लाखांहून अधिक कमिट आहेत आणि त्याची पूर्ण नक्कल काही गिगाबाइटांची भरते. पुण्याच्या कचेरीतून ती घेणाऱ्यास चहा संपेपर्यंत थांबावे लागते, तर २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या लॅपटॉपमध्ये घालून कर्जत, राशीन, मिरजगाव अशा ठिकाणी परतलेल्या आणि मोबाइलच्या दीड-दोन जीबीच्या रोजच्या शिध्यावर काम रेटणाऱ्या मुलामुलींना तीच नक्कल म्हणजे दोन-तीन दिवसांचे रेशन.

अशा वेळी प्रथम सुचणारा उपाय म्हणजे माहिती दाबून लहान करणे. तो करतातच, आणि कोणतीही नोंद दाबल्यावाचून वाहिनीत शिरतही नाही. परंतु या विद्येचा तो सर्वांत किरकोळ भाग आहे. खरी बचत एका निराळ्याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेली असते: समोरच्याकडे आधीच काय आहे? या प्रश्नाचे अचूक उत्तर थोडक्या संभाषणात मिळाले तर पाठवण्यासारखे फारच थोडे उरते. आणि ते मिळाले नाही तर दाबण्याची कितीही प्रगत युक्ती योजली तरी आपण असलेलेच पुन्हा धाडत बसतो. गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात जे जे महत्त्वाचे घडले ते मला तरी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते.

या इतिहासाच्या आरंभीच एक गमतीदार विपर्यास आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आरसिंक नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. दूरच्या यंत्रावर एखाद्या फायलीची जुनी प्रत असेल तर नवी प्रत संपूर्ण न पाठवता, दोन्हीकडच्या तुकड्यांच्या गणिती खुणा ताडून पाहून फक्त न जुळणारे तुकडे धाडायचे, अशी तिची रीत होती. पुढे लिनस टोरवाल्ड्स हे लिनक्सच्या दप्तरासाठी २००२ पासून बिटकीपर ही खासगी मालकीची आज्ञावली वापरू लागले. तिचे संभाषण बाहेरून कसे उलगडता येते याचा शोध याच ट्रिजेल यांनी घेतला, मालक रागावले, आणि एप्रिल २००५ मध्ये लिनक्सकरांना दिलेली फुकट वापराची मुभा काढून घेण्यात आली. त्या अडचणीतून टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत ‘गिट’ या विकेंद्रित दप्तर-पद्धतीचा पहिला सांगाडा उभा केला, आणि त्याच महिन्यात ओलिव्हिया मॅकॉल यांनी ‘मर्क्युरियल’ ही तशीच दुसरी पद्धत सुरू केली. म्हणजे ज्या गृहस्थाने तारेवरून थोडके कसे पाठवावे हे जगाला शिकवले, त्याच्याच खटपटीमुळे गिटचा जन्म झाला. आणि आरंभीच्या काळात गिटची दप्तरे नेण्या-आणण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग त्याच्या आरसिंकचाच होता. तो गिटने २०१६ साली कायमचा बंद केला. आरसिंक फायलींचे तुकडे ताडून पाही, पण त्या फायलींत इतिहास आहे, एका नोंदीमागे दुसरी उभी आहे, हे तिला उमगण्याचा संभव नव्हता.

गिटला ते उमगते. आरंभी वर्णन केलेला क्रमांक येथे कामाला येतो. गिटमध्ये प्रत्येक फायलीच्या आशयावरून १६० बिटांचा, म्हणजे लेखनात चाळीस अक्षरांचा, एक ठसा काढतात. फोल्डरचा ठसा त्यातील फायलींच्या ठशांवरून निघतो. आणि कमिटचा ठसा हा त्या क्षणीच्या सर्वांत वरच्या फोल्डरचा ठसा, लिहिणाऱ्याचे नाव, दिनांक व आधीच्या कमिटचा ठसा या सर्वांवरून. (एकच ठसा मुद्दाम दोन निराळ्या वस्तूंना बसवता येतो, हे अॅमस्टरडॅमच्या आणि गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली करून दाखवले, त्यानंतर गिटने ठशाच्या गणितावर राखण बसवली आणि २०२० पासून अधिक लांब ठशाचीही सोय ठेवली.) या रचनेचा अर्थ असा, की शेवटच्या कमिटचा ठसा दोन्हीकडे एकच निघाला तर त्यामागची प्रत्येक नोंद, पहिल्या दिवसापासूनची, दोन्हीकडे तंतोतंत एकच आहे, असे छातीठोकपणे म्हणता येते. चाळीस अक्षरांची देवाणघेवाण झाली की दहा लाख नोंदींची रुजुवात संपते. महसूल खात्याला असा एखादा ठसा मिळाला असता, तर किती दिवाणी दावे दाखलच झाले नसते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ठसे जुळत नाहीत तेव्हा मात्र दोन्ही वह्या कोणत्या पानापर्यंत सारख्या होत्या, हे हुडकावे लागते. गिटमध्ये मागणारा पक्ष आधी ‘मला हे हवे’ असे सांगतो आणि मग आपल्याकडच्या अलीकडच्या कमिटांचे ठसे ‘माझ्याजवळ हे आहे, हे आहे’ असे गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवू लागतो. देणारा ओळखीचा ठसा दिसला की होकार देतो. जो ठसा ओळखीचा निघाला त्याच्या मागचे सर्व काही मागणाऱ्याकडे आहेच असे गृहीत धरले जाते, आणि म्हणून त्यापुढचे तेवढेच पाठवायचे ठरते. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु येथे वाहिनीच्या रुंदीहून निराळ्या एका दारिद्र्याशी गाठ पडते, ते म्हणजे विलंबाचे. भारतातून अमेरिकेतील यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि वाहिनी कितीही रुंद केली तरी प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. मोबाइलच्या मनोऱ्यावर गर्दी असेल तर त्यात आणखी भर पडते. तेव्हा प्रश्नोत्तराच्या फेऱ्या जितक्या कमी तितके बरे. आणि म्हणून प्रत्येक पान उलटून पाहण्याऐवजी मोठमोठ्या उड्या मारीत मागे जाण्याची रीत गिटने २०१८ साली वापरात आणली, जिच्यात पानांचे अंतर वाढवीत वाढवीत विचारायचे आणि चार पाने अधिक पाठवावी लागली तरी चालेल, पण फेऱ्या वाचवायच्या, असा हिशेब आहे. मर्क्युरियलने २०११ सालीच दुसरा मार्ग धरला होता: इतिहासाच्या सगळ्या भागांतून नमुन्यादाखल काही नोंदी उचलून विचारायचे आणि उत्तरांवरून संशयाचा प्रदेश झपाट्याने आकुंचित करायचा. त्याही पूर्वी, २००३ सालच्या मोनोटोन या विकेंद्रित पद्धतीत, ठशांच्या ठशांचे एक झाड करून दोन्हीकडचे झाड मुळापासून ताडीत जाण्याची पद्धत होती. तिन्ही रीती बुद्धिमान आहेत. मला स्वतःला मर्क्युरियलची अधिक देखणी वाटते, परंतु जगाने गिट पत्करला आणि देखणेपणाला यात फारसे मत नव्हते.

काय पाठवायचे ते ठरले की ते कसे बांधायचे हा प्रश्न येतो, आणि या सगळ्या विषयातील सर्वांत रसाळ प्रकरण येथे आहे. गिटचा पहिला अवतार प्रत्येक फायलीची प्रत्येक आवृत्ती स्वतंत्रपणे ठेवी; एका ओळीच्या बदलासाठी हजार ओळींची दुसरी प्रत. जून २००५ मध्येच टोरवाल्ड्स यांनी ‘पॅक’ म्हणजे गठ्ठा बांधण्याची सोय केली, ज्यात एक आवृत्ती पूर्ण ठेवून तिच्यासारख्या दुसऱ्या आवृत्तीच्या जागी केवळ फरक लिहायचा: अमुक ठिकाणापासून अमुक लांबीचा मजकूर मूळ प्रतीतून उचलावा, मग ही नवी अक्षरे घालावीत, मग पुन्हा तेथून पुढचा उचलावा. गिट हा फरक केवळ एकाच फायलीच्या लागोपाठच्या आवृत्त्यांत शोधत नाही. ज्या कोणत्या दोन वस्तू एकमेकींसारख्या असतील त्यांत तो काढता येतो. आणि वाढत जाणाऱ्या फायलींत बहुधा नवी, मोठी प्रत पूर्ण राहते व जुन्या प्रती तिच्या आधाराने संक्षेपाने लिहिल्या जातात, जेणेकरून जिची गरज वारंवार पडते ती चटकन हाती यावी. समोरच्याकडे असलेल्या प्रतीचा आधार घेऊन, ती प्रत गठ्ठ्यात न घालताच, नुसता फरक पाठवण्याचीही मुभा आहे. मजकुराची एक ओळ बदलली तर प्रवासाला निघते ते शे-दोनशे अक्षरांचे चिटोरे.

परंतु लाखो वस्तूंतून एकमेकींसारख्या वस्तू शोधायच्या कशा? प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करू गेल्यास आयुष्य पुरायचे नाही. म्हणून गिट सर्व वस्तूंची एक रांग लावतो आणि प्रत्येक वस्तूची तुलना रांगेतील आसपासच्या दहांशीच करतो. तेव्हा सारे यश रांग कशी लावली यावर अवलंबून राहते. फायलीचे नाव आणि आकार यांवरून ती लागते, आणि नाव म्हणजे पूर्ण नाव नव्हे, तर मार्गाची शेवटची सोळा अक्षरे. याला कारण होते. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तरी तिचे शेपूट तेच राहते, तेव्हा शेपटावरून रांग लावली म्हणजे हललेली फाइल आपल्या जुन्या प्रतींच्या शेजारीच सापडेल, असा तो सुज्ञ विचार होता, आणि लिनक्ससारख्या दप्तरासाठी तो पुष्कळ वर्षे खराही ठरला.

कर्जतच्या तहसील कचेरीत एखाद्या कारकुनाने गावांची दप्तरे नावाच्या अखेरच्या अक्षरांवरून लावायची ठरवली तर काय होईल, ते पाहा: मिरजगाव, चापडगाव, माहीजळगाव, पाटेगाव ही सगळी ‘गाव’ या एका कप्प्यात पडतील, मिरजगावच्या या वर्षीच्या वहीशेजारी मिरजगावचीच गेल्या वर्षीची वही असण्याऐवजी चापडगावची येईल, तिच्याशेजारी माहीजळगावची, आणि दहा वह्यांच्या टप्प्यात मिरजगावची दुसरी वही सापडण्याची शाश्वती राहणार नाही. मायक्रोसॉफ्टमधील जावास्क्रिप्टच्या एका अवाढव्य दप्तरात नेमके हेच घडले. तेथे शेकडो घटकांचे फोल्डर, आणि प्रत्येकात ‘चेंजलॉग’ या एकाच नावाची बदलांची यादी, जी दररोज वाढत जाई. त्या नावाची आणि त्यापुढील प्रत्ययाची इंग्रजी अक्षरे भरत चौदा. सोळांपैकी उरलेल्या दोन जागांत एक तिरपी रेघ आणि घटकाच्या नावाचे एकच शेवटचे अक्षर मावे. परिणामी गिट एका घटकाच्या यादीची तुलना भलत्याच घटकाच्या यादीशी करून, दोघींत साम्य नाही असा निष्कर्ष काढून, जवळजवळ पूर्ण मजकूर पुनःपुन्हा पाठवीत बसला. ते दप्तर १७८ गिगाबाइटांपर्यंत फुगले. कारण सापडल्यावर रांग लावण्याची रीत बदलून गठ्ठा पुन्हा बांधला, तेव्हा तेच दप्तर, एकही नोंद न गाळता, सुमारे ५ गिगाबाइटांत मावले. संपूर्ण मार्गाचे नाव लक्षात घेणारी ही नवी रीत मार्च २०२५ मधील गिटच्या २.४९ या आवृत्तीत पर्याय म्हणून आली.

ज्या यंत्रणेने वस्तूंची ओळख नावावरून न पटवता आशयावरून पटवण्याची प्रतिज्ञा केली, ती गठ्ठा बांधताना नावाच्या शेपटावर विसंबली आणि तेथेच फसली. आशयावरून काढलेला ठसा ‘तेच की निराळे’ एवढेच सांगतो; ‘किती सारखे’ हे सांगण्याची शक्ती त्याच्यात नाही, किंबहुना ती नसावी अशीच त्याची घडण आहे, कारण एका अक्षराच्या फरकाने तो पूर्ण पालटतो. सादृश्य शोधायला म्हणून पुन्हा नावाकडेच यावे लागते.

देणाऱ्या यंत्राच्या कष्टांविषयी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण मागणाऱ्याला ते दिसत नाहीत. नक्कल मागितली की त्याला इतिहासाच्या टोकापासून मागे चालत जाऊन प्रत्येक वस्तूची मोजदाद करावी लागे, आणि हे दर मागणीला नव्याने. प्रत्येक महत्त्वाच्या कमिटपासून कोणकोणत्या वस्तूंपर्यंत पोहोचता येते याचे शून्य-एकाचे तक्ते आधीच तयार करून ठेवण्याची कल्पना प्रथम गिटच्या जावा भाषेतील भावंडात आली. गिटची दप्तरे ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाच्या व्हिसेंत मार्ती आणि जेफ किंग यांच्या कामातून ती २०१४ साली मूळ गिटमध्ये शिरली, आणि मोठ्या दप्तरांची मोजदाद क्षणाचे काम झाले. संभाषणाच्या सुरुवातीचे पाल्हाळही असेच छाटले गेले. पूर्वी देणारा न विचारता आपल्याकडच्या सगळ्या शाखांची नावे वाचून दाखवी, मग मागणाऱ्याला एकच शाखा हवी असली तरीही. गूगलसारख्या ठिकाणी शाखांची संख्या लाखांत, तेव्हा नुसती नमस्कार-चमत्काराचीच माहिती मेगाबाइटांत जाई. ‘हव्या त्याच शाखा सांगा’ असे म्हणू देणारा दुसरा संभाषण-करार २०१८ साली आला, मार्च २०२० मध्ये आपोआप लागू झाला, काही खडबडीत कोपरे उघडकीस आल्यामुळे लगोलग मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी दुरुस्तीनिशी पुन्हा रुजू झाला.

संपूर्ण वही नकोच, शेवटची काही पाने द्या, असे म्हणण्याची सोयही फार पूर्वीपासून आहे. तिला उथळ नक्कल म्हणावे. मोबाइलच्या शिध्यावर जगणाऱ्यासाठी ती वरदान वाटते आणि एकदाच पाहून टाकायचे असेल तेथे ती खरोखर तशी आहे. परंतु वर सांगितलेल्या रुजुवातीचा पायाच असा, की एक नोंद असली म्हणजे तिच्या मागच्या सगळ्या असणारच. उथळ नक्कल हा पाया काढून घेते, आणि पुढच्या वेळी काय आहे व काय नाही याचा हिशेब देणाऱ्याला आडवळणाने करावा लागतो. अॅपल-यंत्रांसाठी लिहिणाऱ्यांना लागणारी घटकांची यादी ठेवणाऱ्या कोकोपॉड्स या प्रकल्पाचे असंख्य वापरकर्ते याच रीतीने वारंवार मागणी करीत. त्या ओझ्याखाली गिटहबची यंत्रे दमली आणि २०१६ साली ही रीत सोडा असे त्या प्रकल्पाला सांगावे लागले. एका बाजूची काटकसर दुसऱ्या बाजूचा खर्च होऊ शकते, हे येथे उघड दिसले.

याहून धाडसी उपाय म्हणजे अंशतः नक्कल: इतिहासाचा सांगाडा सगळा घ्यायचा, पण फायलींचा मजकूर गरज पडेल तेव्हाच मागवायचा. याची निकड मायक्रोसॉफ्टला विशेष भासली, जेथे २०१७ साली विंडोजचे दप्तर ३५ लाख फायलींचे आणि सुमारे ३०० गिगाबाइटांचे होते, त्याची नक्कल घ्यायला बारा तासांहून अधिक वेळ लागे आणि मागवा-तेव्हाच-आणा या युक्तीने तेच काम काही मिनिटांवर आले. थोड्याच काळात तिचे साधे रूप गिटमध्ये सर्वांसाठी आले. उपयोगी आहे, परंतु माझ्या मते तिच्यात एक प्रकारची माघार आहे. वीज गेली, मनोरा बंद पडला आणि नेमकी न मागवलेली फाइल उघडायची वेळ आली, की कामकरी पुन्हा कचेरीच्या दाराशी उभा. ज्यासाठी विकेंद्रीकरणाचा एवढा अट्टाहास केला, ते अंशतः परत द्यावे लागते.

या सगळ्याशी मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या वापरातील पुष्कळ मराठी अक्षरे अशाच दप्तरांतून प्रवास करून येतात. मराठी विकिपीडियाच्या पानांवर दिसणाऱ्या ‘संपादन’, ‘इतिहास’, ‘शोधा’ अशा सूचना मीडियाविकी या आज्ञावलीच्या दप्तरातील मराठीच्या फायलीत असतात आणि ते दप्तर मार्च २०१२ पासून गिटमध्ये आहे. मुंबईच्या एक टाइपने घडवलेली मुक्ता आणि बलू ही अक्षरवळणे सर्वांसाठी खुल्या दप्तरांतून मिळतात. फायरफॉक्सचे मराठी भाषांतर मात्र कित्येक वर्षे मर्क्युरियलच्या दप्तरात होते, कारण ते बनवणाऱ्या मोझिलाचा मुख्य कारभार त्याच पद्धतीवर चाले. त्या मोझिलाच्या गरजेतून आपल्या विषयातील एक साधी पण दूरगामी युक्ती निघाली. नव्याने येणारा प्रत्येकजण जवळजवळ तीच वही मागतो. तर मग दर वेळी गठ्ठा नव्याने का बांधावा? तो एकदा बांधून साध्या फायलींच्या वाटपकेंद्रात ठेवावा, येणाऱ्याने तो तेथून उचलावा आणि गठ्ठा बांधल्यानंतरचे चार फेरफार तेवढे मूळ यंत्राकडे मागावेत. ग्रेगरी झोर्क यांनी २०१५ साली ही सोय मर्क्युरियलमध्ये आणली. फायरफॉक्सनेच पुढे २०२५ साली मर्क्युरियल सोडून गिटचा रस्ता धरला, पण ही कल्पना दोघांच्याही उपयोगाची.

ती कर्जतच्या दृष्टीने का महत्त्वाची, ते गिटच्या एका जुन्या उणिवेवरून कळते. गिटची नक्कल मध्येच तुटली तर पुढे चालू होत नाही. नव्वद टक्के आल्यावर लोडशेडिंग झाले, की वाहिनीतून आलेले सगळे टाकून पहिल्यापासून आरंभ. देणारा गठ्ठा त्या क्षणी बांधतो, दुसऱ्यांदा तो अक्षरशः तसाच बांधला जाईल याची हमी नसते, म्हणून अर्धा राहिलेला तुकडा नव्या गठ्ठ्याला जोडता येत नाही. पुण्याच्या कचेरीत बसलेल्यांना ही उणीव जाणवत नाही. ग्रामीण भागातून काम करणाऱ्यांची मात्र ती रोजची डोकेदुखी आहे. आधी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याला ही अडचण नाही. तो साधी फाइल असल्यामुळे तुटला तेथून पुढे उतरवून घेता येतो, एकाने नगरला उतरवून पेन ड्राइव्हवर आणला तरी चालतो, आणि आणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचेही कारण नाही, कारण उघडताच प्रत्येक वस्तूचा ठसा गणिताने पुन्हा काढला जातो आणि वाटेत कोणी अक्षर बदलले असेल तर ते तेथल्या तेथे उघडकीस येते. गिटमध्ये असा गठ्ठा करण्याची आज्ञा २००७ पासून आहे. लिनक्सच्या अधिकृत संकेतस्थळावर मंद वाहिनीवाल्यांसाठी तो मुद्दाम तयार ठेवलेला असतो. गेल्या काही वर्षांत देणाऱ्या यंत्रानेच ‘गठ्ठा अमुक पत्त्यावर आहे, तो आधी घ्या’ असे आपण होऊन सांगावे अशी सोयही गिटमध्ये आली आहे. परंतु ती सोय चालवायची की नाही हे त्या त्या यंत्राच्या चालकाच्या मर्जीवर आहे, आणि मागणाऱ्याच्या बाजूनेही ती मुद्दाम चालू करावी लागते.